निरंक म्हणजे रिकामं नव्हे

सरकारी फॉर्म भरायची सवय असलेल्या कुणाही मराठी माणसाला 'निरंक' हा शब्द नवा नाही. रकान्यात लिहायला काही नसेल तर तो मोकळा सोडायचा नाही, तिथे 'निरंक' लिहायचं. लहानपणी मला हा कारकुनी चिकटपणा वाटायचा. काहीच नाही हे सांगायला एवढा जड शब्द कशाला? पण त्यामागे विचार आहे. मोकळ्या रकान्याचे दोन अर्थ होतात. 'काही नाही' असाही होतो आणि 'भरायचं राहिलं' असाही. निरंक लिहिलं की भरणाऱ्याने तो रकाना पाहिला, विचार केला आणि उत्तर दिलं हे नक्की होतं. शिवाय नंतर कुणी तिथे गुपचूप काही घुसडूही शकत नाही. चेकवर 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त' लिहितो तेही याच जातीचं. आकडा एकदा अंकात, एकदा अक्षरात आणि शेवटी 'फक्त' म्हणून कुलूप.

हे सगळं आठवायचं कारण माझं रोजचं काम. मी डेटा पाइपलाइनवर काम करतो. घरच्या मंडळींना याचा अर्थ 'कॉम्प्युटरवर काहीतरी' इतकाच माहीत आहे, म्हणून आज जरा नीट सांगतो. सांगता सांगता माझं एक ठाम मतही मांडणार आहे. ज्यांना हे विषय पाठ आहेत त्या ब्लॉगर मित्रांनी मधले दोन-तीन परिच्छेद उड्या मारत वाचले तरी चालतील. :-)

पाइपलाइन म्हणजे पाटच समजा. येडगावच्या धरणातून पाणी कालव्यात येतं, कालव्यातून चारीत, चारीतून शेतात. तशीच माहिती एका ठिकाणी जन्मते आणि चार-पाच ठिकाणांहून फिरत कुणाच्या तरी हातातल्या कागदावर किंवा मोबाइलवर येते. वाटेत ती बहुतेक वेळा जेसन नावाच्या रूपात असते. पूर्ण नाव जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन. डग्लस क्रॉकफर्ड या गृहस्थांनी २००१ च्या सुमारास ते पुढे आणलं. कल्पना अगदी साधी आहे: महिरपी कंसात रकान्याचं नाव, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे किंमत. गाव: ओझर, तालुका: जुन्नर, क्षेत्र: ०.४०. झाली एक नोंद. अशा लाखो नोंदी एकामागून एक वाहत असतात.

आता हे पाणी एका पाटातून दुसऱ्या पाटात सोडताना मध्ये एक मोरी लागते. तिथे नोंदी वाचल्या जातात आणि नव्या रूपात लिहिल्या जातात. लिहिताना कशा लिहायच्या याच्या चार-दोन चौकटी असतात, त्यांवर टिचकी मारायची. रिकामे रकाने लिहायचे की गाळायचे? तारीख कशी लिहायची? एका ओळीत एक नोंद, की सगळ्या नोंदींची एक मोठी माळ? माणसाला वाचता यावं म्हणून मोकळंढाकळं लिहायचं, की सगळं दाबून? अपाची नायफाय नावाचं अवजार आहे. ते मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत तयार झालं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात या चौकटी अगदी समोर दिसतात. इतर अवजारांत त्या कुठेतरी खोल लपलेल्या असतात.

बहुतेक जण या चौकटींकडे बघतच नाहीत. जे आधीपासून निवडलेलं असेल तेच राहू देतात. त्याला आमच्यात 'डीफॉल्ट' म्हणतात. सगळी चर्चा माहिती किती वेगाने वाहते, किती साठते, किती पैसे लागतात यावर होते. शेवटी ती कशी लिहिली जाते हा 'दिसण्याचा' भाग, तो नंतर कुणीही बघेल, असा समज आहे. माझं मत याच्या अगदी उलट आहे. कशी लिहायची हा अर्थाचा भाग आहे, आणि तो चुकला तर त्याची किंमत पाटाच्या टोकाला उभा असलेला माणूस मोजतो. ज्याने चौकट निवडली (किंवा न बघता सोडून दिली) तो कधीच मोजत नाही.

नुसतं मत सांगून उपयोग नाही, उदाहरणं देतो. ओझरची घेतो, म्हणजे आमच्या तिकडच्या मंडळींना शंका काढायला सोपं जाईल.

पहिलं अर्थातच निरंक. जेसनमध्ये 'काही नाही' हे सांगायला 'नल' नावाचा खास शब्द आहे. निरंकचाच भाऊ तो. पण रकाना अजिबात न लिहिणं हाही पर्याय आहे, कोरं अवतरणचिन्ह लिहिणं हाही आहे आणि शून्य लिहिणं हाही. चारांचे अर्थ वेगळे. समजा एका शेतकऱ्याच्या नोंदीत 'बागायत क्षेत्र' असा रकाना आहे. शून्य म्हणजे मोजलं, बागायत नाही. नल म्हणजे माहिती नाही. कोरं म्हणजे कुणीतरी फॉर्म उघडला आणि तसाच पुढे ढकलला. आणि रकानाच नसला तर? तर काहीच कळत नाही. प्रश्न विचारला होता की नाही हेसुद्धा नाही.

आता गंमत बघा. नायफायमध्ये नल गाळायचे की ठेवायचे अशी चौकट आहे आणि तिचं डीफॉल्ट 'गाळू नका' असं आहे. स्पार्क नावाचं दुसरं तितकंच लोकप्रिय अवजार आहे, ते जेसन लिहिताना नल असलेले रकाने मुकाट्याने गाळतं. तुम्ही सांगितलं तरच ठेवतं. म्हणजे तीच नोंद, तोच शेतकरी, पण मोरी बदलली की एकीकडून 'निरंक' बाहेर येतं आणि दुसरीकडून रकानाच गायब होतो. एखाद्या गावाच्या सगळ्याच नोंदींत तो रकाना नल असेल, तर पुढे ती फाइल वाचणाऱ्याला असा रकाना होता हे कळायलाही मार्ग उरत नाही. मग तिसरा कुणी बेरीज करताना 'नाही ना? मग शून्य धरू' म्हणतो. माहिती नव्हती याचं रूपांतर 'बागायत नाही' यात झालं. कुणी खोटं लिहिलं नाही, कुणी चोरी केली नाही. नुसती एक चौकट.

जुना कारकून इथे नक्की हसला असता. त्याने हा प्रश्न एका शब्दात सोडवला होता.

दुसरं उदाहरण आकड्यांचं. सातबाऱ्यावर शेतीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. शंभर आरांचा एक हेक्टर. आपल्याकडे ०.४० असं दिसलं की वाचणारा 'शून्य हेक्टर चाळीस आर' असं वाचतो. साधारण एक एकर. हा आकडा जेसनमध्ये संख्या म्हणून घातला की कॉम्प्युटर शेवटचं शून्य टाकून देतो, कारण गणिताच्या दृष्टीने ०.४० आणि ०.४ एकच. बाहेर येतं ०.४. आता ते वाचा. 'शून्य हेक्टर चार आर'. एकराचे चार गुंठे झाले! गणित बरोबर आहे आणि वाचन चुकलं, पण बँकेच्या खिडकीवर गणित उभं नसतं, माणूस उभा असतो. पूर्ण रूप ०.४०.०० असं तीन भागांत लिहिलं तर ती संख्याच नाही, तो मजकूर आहे. तो मजकूर म्हणूनच वाहायला हवा.

एकर-गुंठ्यांत तर गणितही चुकतं. गावाकडे '१.२० एकर' म्हणजे एक एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते झालं दीड एकर. कॉम्प्युटरला विचाराल तर तो म्हणेल १.२ एकर, म्हणजे एक एकर आठ गुंठे. बारा गुंठे कुठे गेले? बांधावरून भांडणं होतात ती दोन-दोन फुटांसाठी, इथे टिंबामागे बारा गुंठे विरघळले. ज्यांना शेती कळत नाही त्यांनी क्रिकेट घ्यावं. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं तीन चेंडू, म्हणजे साडेचार षटकं. त्याला दशांश समजून धावगती काढलीत तर शाळकरी पोरगंही चूक दाखवेल. टिंब दिसलं म्हणजे दशांश असतोच असं नाही.

तसंच खाते क्रमांकाचं. कितीतरी बँकांचे खाते क्रमांक शून्यापासून सुरू होतात. जेसनच्या व्याकरणात संख्येच्या सुरुवातीला फुकटची शून्यं चालतच नाहीत. मग रूपांतर करणारं अवजार 'ही संख्या दिसते' असं ठरवतं आणि ती शून्यं कापतं. उरतो तो दुसराच क्रमांक. फार लांब क्रमांकांचं आणखी वेगळं. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ या सोळा अंकी संख्येच्या पुढे पूर्णांक अचूक राहतीलच याची खात्री नाही, शेवटचे अंक आपोआप बदलू शकतात. ट्विटरला हे २०१० मध्ये भोवायला लागलं होतं. त्यांच्या संदेशांचे क्रमांक एवढे मोठे होणार होते की त्यांनी प्रत्येक क्रमांक दोनदा द्यायला सुरुवात केली: एकदा संख्या म्हणून, एकदा मजकूर म्हणून. बघा, अंकी आणि अक्षरी! आपला चेक त्यांना आधीच दाखवायला हवा होता.

माझा नियम सोपा आहे. ज्याची बेरीज करायची नाही ती संख्या नव्हे. खाते क्रमांक, गट नंबर, मोबाइल, पिनकोड यांची बेरीज कोण करतं? मग ते मजकूर. आणि ज्याची बेरीज करायची त्याच्याशेजारी एकक लिहायचं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव वीस किलोच्या क्रेटवर बोलतात, सरकारी भावांच्या तक्त्यांत तो क्विंटलला असतो आणि पुण्यातली गृहिणी किलोचा विचारते. २,००० चा क्रेट म्हणजे १०० रुपये किलो म्हणजे १०,००० रुपये क्विंटल. तिन्ही आकडे खरे आहेत. नोंदीत नुसतं 'भाव: २०००' असेल तर तो आकडा कशाचा? २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो कडाडला तेव्हा कुठलाही आकडा कुणालाही खरा वाटू शकला असता. नेहमीच्या वर्षी चुकलेलं एकक डोळ्यांना खुपतं, भाव पेटलेले असले की ते खपून जातं.

तिसरं तारखेचं. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही. म्हणून प्रत्येक अवजार आपापल्या समजुतीने ती लिहितं. नायफायमध्ये तारखेचा नमुना तुम्ही दिला नाहीत, तर ते १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा लिहितं, आणि ती मध्यरात्र ग्रिनिचची, आपली नव्हे. १ एप्रिल २०२१, भारतीय वेळ रात्रीचे बारा, हे होतं १६१७२१५४०००००. हा आकडा पुढच्या कुणी ग्रिनिचच्या घड्याळाने उलगडला तर तो वाचतो ३१ मार्च २०२१, संध्याकाळचे साडेसहा. वेळ कापून नुसती तारीख ठेवली की उरते ३१ मार्च. साडेपाच तासांच्या फरकाने नोंद मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडली. पीककर्ज भरायची धावपळ मार्चअखेरीस कशी असते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली गंमत (?) सांगायला नको. आणि १९७० च्या आधी जन्मलेल्या आपल्या सगळ्या काका-आत्यांची जन्मतारीख या हिशोबात उणे संख्या होते. ते उणे चिन्ह कुणी 'कचरा' म्हणून साफ केलं की जन्म १९७० च्या पलीकडच्या बाजूला जातो. तरुण व्हायचा याहून सोपा उपाय नाही, फक्त पेन्शनच्या रांगेत तो चालत नाही.

चौथं आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं: नावं आणि देवनागरी. जुन्या ब्लॉगर मंडळींना फॉन्टचे दिवस आठवत असतील. एका फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की गणपतीच्या जागी चिनी-जपानी काहीतरी. युनिकोड आलं आणि आपण सुटलो, असं वाटलं. पुष्कळसे सुटलोही. २०१७ साली आलेल्या जेसनच्या मानकाने तर स्वतंत्र यंत्रणांमध्ये देवाणघेवाण करताना ते यूटीएफ-८ मध्येच असावं असं स्पष्ट सांगितलं, म्हणजे देवनागरी जशीच्या तशी लिहिण्यात काहीच अडचण नाही. पण आजही पायथनमधलं जेसन लिहिणारं नेहमीचं साधन डीफॉल्टने 'ओझर' असं लिहितच नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी एक उलटी तिरकी रेघ, एक रोमन अक्षर आणि चार अंकांचा संकेत लिहितं. ओ, झ, र या तीन अक्षरांचे अठरा चिन्हांचे डबे होतात. यूटीएफ-८ मध्ये तेच नाव नऊ बाइटांत मावतं. म्हणजे हे अवजार दुप्पट जागा खाऊन आपलं नाव वाचता येणार नाही असं करतं. कॉम्प्युटरला फरक पडत नाही हे खरं. पण मधल्या पायरीवर डोळ्यांनी तपासणारा माणूस असतो. त्याला इंग्रजी नावातली चूक एका नजरेत दिसते, मराठी नावातली दिसत नाही. त्यामुळे मराठी नावांतल्या चुका शेवटपर्यंत पोचतात. एवढ्याशा चौकटीतला हा पंक्तिप्रपंच आहे आणि मला तो मनापासून खटकतो.

त्यात आपल्या 'ऱ्या'ची कथा निराळीच. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन-तीन पद्धतींनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखा दिसतो, कॉम्प्युटरला वेगळा. 'ॲ'चंही तसंच. ही दोन नावं एकच आहेत का असं यंत्राला विचारलं की ते 'नाही' म्हणतं. आधारवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव जुळत नाही म्हणून किती हेलपाटे होतात हे गावात कुणालाही विचारा. सगळा दोष युनिकोडचा नाही, कित्येकदा नाव खरंच वेगळं लिहिलेलं असतं. पण लिहिण्याची एकच पद्धत मोरीवर ठरवून दिली, तर निदान त्यातले फुकटचे हेलपाटे वाचतात.

आणि आपलं ओझर तरी एक आहे का? जुन्नर तालुक्यातलं विघ्नहराचं ओझर आणि नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातलं विमानांच्या कारखान्याचं ओझर. रोमन लिपीत एकच गाव कुणी 'झेड' लावून लिहितं तर कुणी 'जे-एच' लावून. नोंदीत नुसतं 'ओझर' असेल तर टोकाचा माणूस कुठलं समजणार? इथे मला एका सरकारी कामाचं मोकळेपणाने कौतुक करायचं आहे. २०२० मध्ये महसूल खात्याने सातबाऱ्याच्या नमुन्यात बदल केले. गावाच्या नावासोबत गावाचा संकेतांक आला. शेतीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये आणि बिनशेतीचं आर-चौरस मीटरमध्ये, असं एकक स्पष्ट झालं. बिनशेती जमिनीला गाव नमुना बारा लागत नाही, तर ती जागा नुसती कोरी न ठेवता 'याची आवश्यकता नाही' अशा अर्थाची सूचना छापायचं ठरलं. म्हणजे निरंकच की! आणि मयत खातेदार किंवा फिटलेल्या बोज्याच्या नोंदींना पूर्वी नुसता कंस असायचा, त्यावर आता आडवी रेघही मारलेली दिसते.

हा कंसाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सातबाऱ्यावर नावाला कंस म्हणजे ते नाव कमी झालं. गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आता शहरात बसलेला एखादा हुशार मुलगा नावांची 'सफाई' करताना कंस, रेघा, टिंबं असली 'विशेष चिन्हं' उडवून द्यायची चौकट निवडतो. त्याच्या लेखी ती घाण आहे. कंस उडाला, नाव राहिलं. वीस वर्षांपूर्वी गेलेले आजोबा पुन्हा जमिनीचे मालक! ज्याला कंसाचा अर्थ माहीत नाही त्याने कंसाला हात लावू नये, आणि लावायचाच असेल तर आधी 'कमी केलेली नोंद: होय' असा वेगळा रकाना करून मग लावावा.

माझ्या या मतावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की रिकामे रकाने लिहिले, संख्यांचे मजकूर केले, प्रत्येक ठिकाणी एकक लावलं तर फाइली फुगतात आणि पैसे जास्त लागतात. खरं आहे. लाखो नोंदींत 'नल' हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिणं काही फुकट नाही. पण दाबून ठेवायची साधनं आज स्वस्त आहेत, आणि एकच शब्द लाखदा आला तर तो दाबला की जवळजवळ नाहीसाच होतो. काटकसर करायचीच तर मोकळ्याढाकळ्या मांडणीत करावी. पाइपलाइनमध्ये ती कुणी वाचत नाही. नायफायसुद्धा 'एका ओळीत एक नोंद' निवडल्यावर ती सुशोभित मांडणी करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. शोभा गाळावी, अर्थ गाळू नये.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. 'वाचणाऱ्याने समजून घ्यावं. आम्ही संख्या दिली, शून्य दाखवायचं की नाही ते त्याने ठरवावं.' तत्त्व म्हणून हे चांगलं आहे, आणि वाचणारा एकच असता व तो आपल्या शेजारी बसत असता तर मीही मानलं असतं. पण पाट लांब आहे. पाचव्या मोरीवरच्या माणसाला पहिल्या मोरीवर काय गाळलं ते कळायचा मार्गच नाही. जे शून्य, जो कंस, जो रकाना तुम्ही टाकून दिलात तो त्याला परत आणता येत नाही. जास्तीचं असेल तर तो काढू शकतो. म्हणून जबाबदारी लिहिणाऱ्याची.

आणि हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. ओझरहून नारायणगावला जा आणि तिथून थोडं पुढे खोडदला. तिथे जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण, गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली. तिथली निरीक्षणं आधी त्यांच्या स्वतःच्या रूपात साठतात आणि मग 'फिट्स' नावाच्या रूपात बदलून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांकडे जातात. हे फिट्स १९८१ पासूनचं आहे. त्याचं शीर्षकपत्रक बघितलं की मला आपला सरकारी फॉर्मच आठवतो: प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, ३६ ओळींचा एक गठ्ठा, ओळीत रकान्याचं नाव, किंमत आणि तिरक्या रेघेपुढे खुलासा, बहुतेक वेळा एककासकट. दोन अंकी वर्षामुळे २००० साली घोटाळा होणार हे ओळखून त्यांनी तारखेचा नवा नमुना १९९७ मध्येच ठरवला: आधी चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस. आणि त्यांचा दंडक असा की एकदा जी फाइल फिट्स म्हणून योग्य होती ती कायम योग्यच राहिली पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजही वाचता येते. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेच्या नोंदीला आपण एवढा मान देतो. दुर्बिणीच्या सावलीत पिकणाऱ्या शेताच्या नोंदीला त्याच्या निम्मा तरी द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

कारण चूक झाली तर काय होतं ते बघा. दीर्घिका तक्रार करत नाही आणि तिचं काही बिघडतही नाही. शेतकऱ्याचं बिघडतं. उताऱ्यावरची लेखनातली चूक दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. संगणकीकरणानंतर हे कलम गावोगाव तोंडपाठ झालं. दुरुस्ती होते, नाही असं नाही. पण त्यासाठी अर्ज, जुने कागद, तलाठ्याकडे चकरा, तालुक्याला खेपा आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी. चूक एका टिचकीत झाली, निस्तरायला महिने. आणि निस्तरणारा कोण, तर ज्याने चूक केलीच नाही तो. एका मोरीवरची चौकट हजार माणसांच्या हजार खेपा ठरवते. हे प्रमाण लक्षात घेतलं तर त्या चौकटीवर अर्धा तास विचार करणं हा वेळेचा अपव्यय वाटणार नाही.

तेव्हा या धंद्यात असलेल्यांना माझी विनंती आहे. डीफॉल्ट हे कुणीतरी कॅलिफोर्नियात बसून, आपला आर, आपला गुंठा आणि आपला कंस न पाहता घेतलेले निर्णय असतात. ते वाईट नसतात, परके असतात. नवी मोरी बांधाल तेव्हा शेवटच्या कागदाची एक प्रत मागवा, ती ज्याच्या हातात पडणार आहे अशा एका माणसाला वाचायला द्या आणि तो काय वाचतो ते ऐका. 'शून्य हेक्टर चार आर' असं ऐकू आलं तर परत जा आणि चौकट बदला. नल ठेवा, तारखेला नमुना आणि वेळेचा पट्टा द्या, क्रमांकांना मजकूर करा, एकक लिहा, देवनागरी देवनागरीत राहू द्या.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. कुठलाही छापील उतारा, पावती, स्लिप हातात आली की कॉम्प्युटरने काढलीय म्हणून बरोबरच असेल असं समजू नका. क्षेत्र वाचा, नाव अक्षर न् अक्षर वाचा, तारीख वाचा. कुठे मोकळा रकाना दिसला तर खिडकीवरच्या साहेबांना सरळ विचारा, 'हे निरंक आहे, का भरायचं राहिलंय?' उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. बाकीची विघ्नं विघ्नहर बघून घेईल, एवढं एक आपण बघावं.